लेबर ठेकेदाराची सेवा: माणसं वेळेवर, कागद उशिरा

दिवाळीनंतर हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, वरोरा या पट्ट्यात जिनिंगचे रेचे (कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं) सुरू झाले की ठेकेदारांचे फोनही सुरू होतात. पाटीवर हल्ली 'मनुष्यबळ पुरवठा' असं लिहिलेलं असतं. गावात मात्र तो लेबर ठेकेदारच. मजूर राबतो मिलमध्ये, नाव मात्र ठेकेदाराच्या मस्टरवर (हजेरीपटावर). हे परीक्षण कुण्या एका ठेकेदाराचं नाही, तालुक्याच्या ठिकाणी मिळते तशा या सेवेचं आहे. गुण आधीच देऊन टाकतो: माणसं उभी करण्यात पाचपैकी चार, कागदपत्रांत पाचपैकी दीड. आणि माणसं तर जुना मुकादमही आणत होता. बिल जे फुगलंय ते कागदपत्रांच्या नावानं.

म्हणून सुरुवात बिलापासून. हिशेबासाठी रोजी 500 रुपये धरू (खरा दर उद्योग आणि परिमंडळ बघून ठरतो, आणि विशेष भत्ता दर जानेवारी-जुलैत बदलतो, ठेकेदाराचा दर जुन्या भत्त्यावर अडकलेला नाही ना, हे आधी पाहावं). 26 दिवसांचे 13,000. मालकाच्या वाट्याचा पीएफ प्रशासकीय आणि विम्याच्या खर्चासह 13 टक्के, म्हणजे 1,690. ईएसआय (कामगार राज्य विमा) 3.25 टक्के, 423. बोनसची तरतूद 8.33 टक्के, 1,083. झाले 16,196. त्यावर 5 टक्के कमिशन 810 आणि मग सगळ्या रकमेवर 18 टक्के जीएसटी 3,061. एका माणसामागं मिलला 20,067 रुपये पडतात. मजुराच्या हातात? 13,000 मधून पीएफ 1,560, ईएसआय 98 आणि पुरुष असेल तर व्यवसाय कर 200 वजा जाता 11,142. मधली रक्कम चोरीची नाही. बरीचशी मजुराच्याच नावची आहे. प्रश्न एवढाच, की ती त्याच्या नावावर पोचते का.

जीएसटीचा एक बारकावा. जिनिंगवाल्याला रुईच्या विक्रीवर कर असल्यानं हा 18 टक्के वळता करून, म्हणजे स्वतःच्या जीएसटीच्या देण्यातून वजा करून घेता येतो. खासगी दवाखान्याची सेवा करमुक्त, त्यामुळं त्याला वळता मिळत नाही, तो निव्वळ खर्च. तालुक्याच्या दवाखान्यात सफाईला चार माणसं हवी असतील तर ठेकेदारापेक्षा थेट नेमलेली बरी.

आता कमिशन. निविदेत एक टक्का, अर्धा टक्का, कधी तर शून्य भरलेलं दिसतं आणि समिती खूश होते. वीस माणसांचं वरच्या हिशेबानं महिन्याचं 3,23,920 होतं. त्याचा एक टक्का 3,239 रुपये. एवढ्यात कारकून, गाडी, ऑफिसभाडं आणि बिल निघेपर्यंत पदरच्या 2,60,000 पगाराचं व्याज? जमत नाही. मग कसर तीन ठिकाणी काढली जाते: पीएफ कमी दिवसांचा भरायचा, बोनसची तरतूद खिशात ठेवायची, नाहीतर पगार खात्यात टाकून एटीएम कार्ड स्वतःकडेच ठेवायचं. सगळ्यात स्वस्त दर हा या धंद्यात धोक्याचा कंदील समजावा.

बोनसचं गणित तर हंगामी कामात हमखास बुडतं. कायद्याला वर्षात 30 दिवसांचं काम पुरतं. पाच महिन्यांच्या हंगामात मिलनं माणशी 5,415 रुपये बोनसपोटी मोजलेले असतात. मजूर चैतात शेताकडं वळतो, ठेकेदार पुढच्या साली दुसऱ्या नावानं येतो, आणि ते पैसे कुणी मागत नाही. मिलवाल्यानं ही तरतूद दरमहा द्यायचीच नाही. वाटपाची सहीनिशी यादी आणि बँकेचा पुरावा आला की एकरकमी द्यावी.

पीएफची तपासणी चलनावर थांबवणं ही सर्रास दिसणारी चूक. चलनावर फक्त एकूण रक्कम असते. एका मिलचं चलन दुसऱ्या दोन ठिकाणीही दाखवता येतं. मागायची ती ईसीआर, म्हणजे चलनासोबतची नावनिहाय यादी. तिच्यात यूएएन (मजुराचा कायमचा पीएफ क्रमांक), नाव, एकूण वेतन, पीएफचं वेतन आणि 'एनसीपी दिवस' असे रकाने असतात. एनसीपी म्हणजे बिनपगारी गैरहजेरीचे दिवस, आणि घोळ तिथंच असतो. मस्टरवर 26 हजेऱ्या, ईसीआरमध्ये एनसीपी 14. म्हणजे पीएफ 12 दिवसांचा भरला, बिल 26 चं लावलं. मस्टर शेजारी ठेवून पाच नावं जुळवून पाहिली तरी समजतं. चलनाचा टीआरआरएन क्रमांक पीएफ कार्यालयाच्या संकेतस्थळावर टाकून पैसे खरंच जमा झाले का तेही बघावं. मुदत पुढच्या महिन्याच्या 15 तारखेची. "जमा होऊन जाईन ना भाऊ, कायले टेन्शन घेता" हे उत्तर 16 तारखेला चालत नाही.

मिलवाल्यानं एवढं डोकं का लावायचं? कारण ठेकेदार पळाला तर पीएफ, ईएसआय आणि पगार या तिन्हींची जबाबदारी शेवटी मुख्य मालकावर, म्हणजे ज्याच्या जागेत काम चालतं त्याच्यावर येते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम 21 मध्ये हेच होतं: ठेकेदारानं पगार दिला नाही तर मालकानं द्यावा आणि नंतर त्याच्या बिलातून वसूल करावा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, तरी हा धागा कायम आहे. 'ठेकेदारानं बघायचं' हे वाक्य करारनाम्यात कितीही ठळक छापा, ते दोघांपुरतंच. मजुराला आणि पीएफ कार्यालयाला ते लागू नाही.

या सेवेची मुळं दोन. एक परदेशातलं: 1946 साली डेट्रॉइटला रसेल केली आणि 1948 साली मिलवॉकीला मॅनपॉवर ही कंपनी, दोन्ही कचेऱ्यांना तात्पुरती माणसं पुरवणाऱ्या. दुसरं आपलं: गिरणी, खाण आणि जिनिंगमधला मुकादम, जो माणसं आणायचा, उचल द्यायचा आणि रोजीतून काटायचा. 1929-31 च्या शाही कामगार आयोगानं त्याच्यावर ताशेरे ओढले होते. आजच्या तालुक्यातल्या एजन्सीनं नाव पहिल्याचं घेतलंय, सवयी दुसऱ्याच्या. गेटपाससाठी किंवा 'नाव लावायला' मजुराकडून दोन-तीन हजार घेणं ही त्यातलीच सवय. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या 181 क्रमांकाच्या करारानं खासगी एजन्सीला मान्यता दिली, पण कामगाराकडून शुल्क घ्यायचं नाही हे मूळ तत्त्व ठेवून. भारतानं त्यावर मान्यतेची मोहर उमटवलेली नाही.

आपला 1970 चा कायदा 10 फेब्रुवारी 1971 पासून अमलात आला. तो 20 मजुरांपासून लागू होता; ही मर्यादा महाराष्ट्रानं पुढं 50 केली, नव्या संहितेतही 50 च आहे. परिणाम गावोगाव दिसतो: एकाच घरात तीन एजन्स्या, नवऱ्याची, बायकोची, मेव्हण्याची, आणि प्रत्येकीत 48-49 माणसं. पीएफसाठी 20 ची मर्यादा, तिथं 19. पत्ता, फोन आणि बँकेची शाखा एकच दिसली की समजावं.

संहितेनं मुख्य कामात कंत्राटी मजूर नको असं म्हटलंय. जिनिंगमध्ये रेचा आणि प्रेस हे मुख्य काम. सफाई, पहारा, उपाहारगृह, गाठींची चढउतार ही बाजूची कामं. वाचायला छान. पण अपवादात 'जे काम साधारणपणे ठेकेदाराकडूनच होतं' आणि 'कामात अचानक वाढ' ही दोन दारं उघडी आहेत. हंगामी धंद्यात त्या दारातून बैलगाडीसकट जाता येतं.

'240 दिवस भरले की कंपनीत परमनंट' हा समज या भागात घट्ट बसलाय. सर्वोच्च न्यायालयानं एअर इंडियाच्या खटल्यात कंत्राट बंद होताच मजूर मालकाचा होतो असं म्हटलं होतं, पण 30 ऑगस्ट 2001 च्या स्टील अथॉरिटीच्या निकालानं ते फिरवलं: आपोआप सामावून घेणं नाही. कंत्राट केवळ देखाव्याचं होतं हे औद्योगिक न्यायाधिकरणात सिद्ध करावं लागतं. तिथं उपयोगी पडतात त्या साध्या गोष्टी: रजा कोण मंजूर करत होतं, काम कोण सांगत होतं, गेटपासवर कुणाची सही होती. गेटपास जपून ठेवावा.

मजुरानं स्वतः पाहायचं ते थोडकंच, पण दरमहा. सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडून गेल्या महिन्याची नोंद. ठेकेदार बदलला की नवा मेंबर आयडी येतो, ते ठीक. यूएएन मात्र जुनाच राहिला पाहिजे. नवा ठेकेदार घाईत दुसरा यूएएन काढतो आणि पेन्शनला लागणाऱ्या दहा वर्षांच्या सेवेचे तुकडे पडतात. आधारवर नाव 'रामाजी' आणि पीएफमध्ये 'रामजी' एवढ्यानंही दावा अडकतो. दुरुस्ती काम चालू असतानाच करून घ्यावी, कारण नंतर सही लागली तर ठेकेदार सापडत नाही. ईएसआय त्या ठिकाणी लागू नसेल तर कर्मचारी भरपाईच्या विम्याची प्रत गेटवरच मागावी. रेच्यात हात जायला कंत्राटी आणि परमनंट असा भेद नसतो.

तक्रार कुठं करायची, यातही लोक महिना घालवतात. जिनिंगसाठी राज्याचं कामगार कार्यालय. कोळशाची किंवा चुनखडीची खाण असेल तर केंद्राचं कामगार खातं, नागपूरला. कोळसा खाणीत काम असेल तर साधं किमान वेतन नव्हे, हाय पॉवर कमिटीचे (कोळसा खाणीतल्या कंत्राटी मजुरांसाठी ठरवलेले) दर विचारायचे; फरक मोठा आहे.

सरकार स्वतः या सेवेचं गिऱ्हाईक आहे. 6 सप्टेंबर 2023 च्या शासन निर्णयानं नऊ एजन्स्यांमार्फत भरतीची वाट काढली होती, विरोधानंतर ऑक्टोबरमध्येच तो रद्द करावा लागला. बाह्यस्रोत मात्र थांबलेला नाही. ग्रामीण रुग्णालयातला सफाईवाला आणि कचेरीतला डेटा ऑपरेटर अजून ठेकेदाराच्याच मस्टरवर दिसतो, आणि बिल अडकलं की त्याचा पगार दोन-दोन महिने अडकतो. नियमानं पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत. बिल निघणं न निघणं हा ठेकेदाराचा प्रश्न आहे.

तुलनेला याच राज्यातलं एक मॉडेल ठेवू. 1969 च्या माथाडी कायद्यात हमालाची मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवरची ठरावीक टक्केवारी) मालकानं मंडळाकडं भरायची, मंडळानं हमालाच्या नावावर पीएफ, बोनस, रजा जमा करायची. मधला माणूस आहे, पण त्याला नफा नाही. गाठी चढवण्या-उतरवण्याचं काम असेल आणि जवळ मंडळ चालू असेल तर ठेकेदाराआधी तिथं विचारावं. दर थोडा जास्त वाटेल. वरचं 20,067 चं गणित शेजारी मांडून मगच ठरवा.

ठेकेदारच घ्यायचा असेल तर करारात चार ओळी लिहून घ्या: मागच्या महिन्याची ईसीआर आल्याशिवाय बिल नाही, पगार मजुराच्या स्वतःच्या खात्यात आणि कार्ड मजुराकडंच, ठेकेदाराच्या परवान्यावरच्या आकड्यापेक्षा एकही माणूस जास्त नाही, आणि हंगाम संपल्यावर शेवटचं बिल काढायचं ते प्रत्येकाची पीएफमधली काम सोडल्याची तारीख भरल्यावरच. ही तारीख राहिली तर पैसे काढणं आणि वळवणं दोन्ही अडतं. ठेकेदारानं भरलीच नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी मजुराला ती स्वतः ऑनलाइन टाकता येते, आधारला मोबाइल जोडलेला असला की झालं.