जेथ्रो टल: आधी कुठला संच ऐकावा?

जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडमध्ये गायक-बासरीवादक इयन अँडरसन सोडला तर १९६८च्या पहिल्या अल्बमपासून टिकलेलं कुणी नाही. त्यामुळे नव्याने ऐकणाऱ्याने आधी संच, म्हणजे त्या त्या काळातली वादकमंडळी, निवडावा, मग अल्बम. माझ्या मते खरी चुरस दोनच संचांत आहे: १९७२ ते ७५चा आणि १९७६ ते ७९चा.

माणसं बरीचशी तीच. अँडरसन, गिटारवर मार्टिन बार, कीबोर्डवर जॉन एव्हन, ड्रम्सवर बॅरीमोर बार्लो. बेसवादक जेफ्री हॅमंड चित्रकलेकडे परतला आणि जॉन ग्लॅस्कॉक आला. तंतुवाद्यांच्या रचना आधीपासून करून देणारी डी पामर (तेव्हाचं नाव डेव्हिड) रीतसर सदस्य झाली.

पहिल्या संचाचा 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' (१९७२) मोठाच आहे. रेकॉर्डच्या दोन्ही बाजू मिळून एकच रचना, तरी कुठे रेंगाळत नाही. एवढा आवाका दुसऱ्या संचाने दाखवला नाही, हे मान्य. मी अडलो तो 'अ पॅशन प्ले'पाशी (१९७३). संगीत चढत जातं, आपण त्यात रमतो, आणि मधोमध हॅमंडच्या आवाजात चष्मा हरवलेल्या सशाची गोष्ट सुरू होते. पहिल्यांदा हसू येतं. पण अल्बम पुन्हा पुन्हा ऐकायचा असतो आणि दर वेळी तोच ससा आडवा येतो. मोडलेली तंद्री मग लागतच नाही. काहींना नेमका हाच भाग आवडतो; मला तो आजही सोसत नाही.

'साँग्ज फ्रॉम द वुड' (१९७७) ऐकताना अशी ठेच लागत नाही. मेंडोलिन, पामरचा छोटा पाइप ऑर्गन, बार्लोची जुन्या घडणीची ढोलकी, सगळं इंग्लंडच्या लोकसंगीतातलं. लय मात्र प्रॉगवाल्यांनाही (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणाऱ्यांनाही) गुंतवून ठेवणारी. ग्लॅस्कॉकचा बेस तर गाण्याशी बोलत चालतो. 'हेवी हॉर्सेस' (१९७८) मला त्याहून जवळचा: त्याचं शीर्षकगीत ट्रॅक्टरने बाजूला सारलेल्या शेतावरच्या घोड्यांचं आहे, आणि पाहुणा वादक डॅरिल वे याचं व्हायोलिन त्यात जीव ओततं.

'स्टॉर्मवॉच'मध्ये (१९७९) हृदयविकारामुळे ग्लॅस्कॉक तीनच रचनांत आहे, बाकीचा बेस अँडरसनने वाजवला. मला तरी फरक लगेच जाणवतो. त्याच नोव्हेंबरात, २८व्या वर्षी, ग्लॅस्कॉक गेला. १९८०च्या अल्बमवर बार्लो, एव्हन, पामर कुणीच नाही.

दीर्घ रचनांचा कान असेल तर 'ब्रिक'ने सुरुवात करायला हरकत नाही. बाकी कुणालाही मी 'हेवी हॉर्सेस'च आधी ऐकायला देईन.