घरची गाणी लोकलमध्ये: यूट्यूब म्युझिकचं अपलोड

बाबांच्या कॅसेटवरून उतरवलेली नाट्यपदं आणि नौपाड्यातल्या घरगुती बैठकींची रेकॉर्डिंग मला ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐकायची असतात. बैठकी कुठल्याच ॲपवर मिळणार नाहीत, म्हणून स्वतःच्या फाइल चढवता येणं ही पहिली अट. यूट्यूब म्युझिक १ लाखापर्यंत गाणी फुकट ठेवतं, एफएलएसी (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार) हीसुद्धा चालते, आणि आपल्या गाण्यांमध्ये जाहिराती नाहीत. अपलोड मात्र संगणकावरूनच. गूगल ड्राइव्हची फुकट १५ जीबी जीमेल आणि फोटोंतही वाटली जाते, त्यामुळे ते बाद.

चढवण्याआधी टॅगमध्ये (फाइलमध्येच साठवलेल्या गाण्याच्या माहितीत) गायकाचं नाव एकाच पद्धतीने भरा. नाहीतर एकाच गायकाचे चार गायक होतात. मूळ फाइल हार्ड डिस्कवर ठेवाच. सेवा बंदही पडते: गूगलचं आधीचं गाण्यांचं ॲप, गूगल प्ले म्युझिकसुद्धा २०२० मध्ये बंद झालं.