'पास्ट मास्टर्स': मुंबईत ध्वनिमुद्रित झालेल्या एका गाण्यासाठी

बीटल्स या ब्रिटिश रॉक गटाची जी गाणी त्यांच्या मूळ ब्रिटिश अल्बममध्ये नव्हती, त्यांपैकी बहुतेक 'पास्ट मास्टर्स' या दोन सीडींच्या संचात एकत्र मिळतात. २००९ साली नव्याने ध्वनिसंस्कार होऊन आलेल्या या संचात ३३ गाणी आहेत. मी मात्र तो एकाच गाण्यासाठी विकत घेतला आणि त्या निर्णयाचे मला पूर्ण समाधान आहे. ते गाणे म्हणजे दुसऱ्या सीडीवरील सहावे, 'द इनर लाइट'.

या गाण्याच्या मुळाशी केंब्रिजमधील संस्कृतचे अध्यापक हुआन मास्कारो आहेत. गीता आणि उपनिषदांचे इंग्रजी अनुवाद करणाऱ्या या विद्वानाने १९६७ च्या अखेरीस बीटल्समधील जॉर्ज हॅरिसनला पत्र लिहिले, सोबत 'लॅम्प्स ऑफ फायर' हे आपले संकलन पाठवले आणि त्यातील 'ताओ ते चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथाच्या एका कवितेला चाल लावावी, असे सुचवले. घराबाहेर पाऊल न टाकताही जग जाणता येते, हा त्या कवितेचा आशय हॅरिसनने फारसा न बदलता गाण्यात आणला.

जानेवारी १९६८ मध्ये 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी हॅरिसन मुंबईत आला होता. फोर्टमध्ये फिरोजशहा मेहता रस्त्यावरील एचएमव्हीच्या स्टुडिओत काम चालले होते. तेथे केवळ मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकचे, यंत्र होते, म्हणून कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचे यंत्र आणवले. स्टुडिओ नीट ध्वनिरोधक नसल्यामुळे बाहेरच्या रहदारीचा आवाज आत येई. अशा परिस्थितीत त्याच मुक्कामात 'द इनर लाइट'चे संपूर्ण वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित झाले. फेब्रुवारीत लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत हॅरिसनने त्यावर गायन केले. पट्टी उंच असल्यामुळे तो कचरत होता. गटातील सहकारी लेनन आणि मॅकार्टनी यांनी त्याला धीर दिला आणि अखेरच्या ओळीत त्याला साथही केली. मार्चमध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूवर हे गाणे प्रसिद्ध झाले.

सीडीवर ऐकताना सर्वप्रथम जाणवते ती गाण्याची बांधणी. सुरुवातीला सनईसारख्या धारदार स्वरांचा आणि सरोदाचा द्रुत तुकडा येतो, पखवाजाची थाप त्याला पुढे रेटते. मग सारे एकदम संथ होते आणि बासरी व हार्मोनियमच्या आधाराने आवाज प्रवेश करतो. गिटार, बास किंवा ड्रम यांचा मागमूस नाही आणि चौघांपैकी कोणाचेही वाद्य यात वाजत नाही. तरीही हे रॉक गायकाने हौसेखातर केलेले अनुकरण वाटत नाही, कारण वाद्ये आवाजाच्या मागे शोभेसाठी उभी नाहीत. ती त्याच्याशी बोलतात. चांगल्या हेडफोनवर बासरीचा श्वास आणि पखवाजाच्या डाव्या बाजूची घुमक स्पष्ट ऐकू येते.

माझी तक्रार संचाच्या मांडणीविषयी आहे. प्रसिद्धीच्या कालक्रमाने गाणी लावल्यामुळे अडीच मिनिटांचे हे नाजूक गाणे 'लेडी मॅडोना' आणि 'हे जूड' या दोन दणकट पियानोप्रधान गाण्यांच्या मध्ये सापडते आणि त्याला मोकळा श्वास मिळत नाही. मी ते नेहमी स्वतंत्रपणे लावतो.

दुसरी खंत जुनी आहे. १९६८ च्या तबकडीवर या वादकांपैकी कोणाचेही नाव नव्हते. हॅरिसनच्या 'वंडरवॉल म्युझिक' या अल्बमच्या वेष्टनावर मात्र त्या मुंबई मुक्कामातील मंडळींची नावे आहेत. त्यांत सरोदवादक आशिष खान आणि संतूरवादक शिवकुमार शर्मा यांच्यासोबत केंकरे हे आडनाव वाचले, तेव्हा मी क्षणभर थांबलो.

ज्यांना गायनाविना केवळ वाद्यमेळ ऐकायचा असेल, त्यांनी २०१८ मध्ये आलेली बीटल्सच्या 'व्हाइट अल्बम'ची मोठी आवृत्ती पाहावी. तीत याच गाण्याचा तसा एक टेक आहे. परंतु तो संच बराच मोठा आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने 'पास्ट मास्टर्स'पासूनच सुरुवात करावी, आणि दुसरी सीडी आधी लावावी.