फुटबॉलचे बूट शिवायचे तर खडेबाजारात

पोरगा स्टॉपर, म्हणजे बचावफळीत मधोमध खेळतो, भारताचा बचावपटू संदेश झिंगनवर त्याचा भारी जीव. झिंगन २०२१ मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबात गेला, पण दुखापतींमुळं एकही सामना न खेळता परत आला. तेव्हापासून पोराच्या पायांची मला धास्तीच.

स्टॉपरला गर्रकन वळावं लागतं, सगळा भार चवड्यावर. बुटाचा सोल तिथंच उचकटतो. खडेबाजारातल्या बूट शिवणाऱ्या मामांनी सोल चिकटवायचं जुनं सोल्युशन पार खरवडून काढलं, नवं लावलं, वर आरीनं भोकं पाडून मेणाच्या दोऱ्यानं कडेकडेनं शिवलं. काय सफाई म्हणता! आख्खा पावसाळा चिखलात खेळला, एक टाका निघाला नाही. १५० रुपयांत आणखी काय पाहिजे? मात्र घाई करू नका, सोल्युशन नीट वाळल्याशिवाय मामा बूट हातात देत नाहीत.