फोडणीचा भात की फोडणीची पोळी? मायक्रोवेव्हपुरतं बोलायचं तर…

फोडणी दोन्हीला सारखीच. काचेच्या भांड्यात दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, मिरची, कढीपत्ता घालून दीड-दोन मिनिटं. मोहरी कढईतल्यासारखी तडतडत नाही, पण वास सुटतो. हळद-हिंग भांडं बाहेर काढल्यावरच, आत करपतं.

भाताला हे यंत्र मानवतं. फ्रीजमधला भात हाताने मोकळा करायचा, पाण्याचा हबका मारायचा, झाकण ठेवून २ मिनिटं. वाफ कोंडते आणि टणक झालेलं शीत पुन्हा मऊ होतं. वर दाणे, लिंबू. मात्र भात रात्रीच फ्रीजमध्ये गेलेला हवा. ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भातात जिवाणूंचं विष तयार होऊ शकतं आणि ते गरम करून जात नाही. ‘काही होत नाही’ म्हणणारे प्रत्येक घरात असतात, त्यांचं ऐकू नका.

पोळी हट्टी. मिनिटाच्या वर गेली की चिवट, ताटात गार झाली की कडक. कढईतला खरपूसपणा तर विसराच. कांदा आधी फोडणीत शिजवून, कुस्कर शेवटी घालून, ताकाचा शिपका देऊन ४० सेकंद ठेवली तर बरी लागते. तरी पोळ्या उरल्या की मी गॅसच पेटवते.