लेटेक्सची गादी, दोन पावसाळ्यांनंतर: झोप छान, पण 'इको-फ्रेंडली'चं काय?

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाव लिहिलं की खाली सगळे कूपन कोड विचारत बसतात आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. घर मुंबईजवळ, खाडीच्या बाजूला, म्हणजे हवा बारा महिने दमट. आमच्या बेडवर नैसर्गिक लेटेक्सची ७२ बाय ७८, सहा इंची गादी, आणि मुलांच्या खोलीत त्याच मापाची साधी ३२ डेन्सिटीची (म्हणजे घनमीटरला ३२ किलो) पीयू फोमची. दोन्ही एकाच सुमारास घेतल्या त्यामुळे तुलना आपोआप होत गेली.

झोपेचं पटकन सांगते. लेटेक्स दाबलं की लगेच वर येतं, मेमरी फोमसारखं माणूस त्यात रुतत नाही, कूस बदलायला सोपं. मे महिन्यात पीयूवर पाठ तापते, लेटेक्सवर कमी तापते, पण जाहिरातीतलं 'थंडगार' वगैरे विसरा, लाईट गेली की घाम येतोच. मुलं जिथे बसून शाळेचे मोजे घालतात त्या कडेला पीयूला खळगा पडलाय, लेटेक्स अजून सपाट आहे. वजन मात्र भयंकर, मुलांची गादी सतरा-अठरा किलोची असेल आणि आमची चाळीसच्या वर, चादर खोचायला कोपरा उचलताना रोज आठवण होते. रबराचा वास पहिले काही आठवडे होता, खिडक्या उघड्या ठेवल्यावर गेला.

आता ज्यासाठी तिप्पट पैसे मोजले ते, म्हणजे पर्यावरण.

पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन, १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढलेलं. पॉलिऑल आणि आयसोसायनेट अशी दोन रसायनं असतात, दोन्ही मुख्यतः पेट्रोलियममधून येणारी, त्यात पाणी पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्यानेच फोम फुगतो. पूर्वी फुगवायला सीएफसी, म्हणजे ओझोनचा थर खाणारे वायू, पण वापरायचे, ओझोनवाल्या माँट्रियल कराराने ते बंद झालं, तेवढं एक चांगलं झालं. पण हा फोम एकदा तयार झाला की झाला, वितळवून परत साच्यात ओतता येत नाही. हल्ली एरंडेल किंवा सोयाचा 'प्लांट-बेस्ड' फोम म्हणून जे विकतात त्यात पॉलिऑलचा काही भाग तेलातून आलेला असतो, आयसोसायनेट तेच पेट्रोलियमचं, तेव्हा पानाचं चित्र बघून भुलू नका, किती टक्के ते विचारा.

लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक, आपल्याकडे बहुतेक केरळचा. झाड तोडत नाहीत, सालीला पहाटे चीर देतात, वाटीत चीक जमतो, आणि एक झाड वीस-पंचवीस वर्षं चीक देत राहतं. हे सगळं खरंय आणि मला आवडतंही. फक्त ब्रोशरमध्ये पुढचं कोणी छापत नाही: चीक टिकवायला अमोनिया, मग फेस करून साच्यात घालून भाजायचं, त्यात गंधक आणि झिंक ऑक्साइड. 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हटलं तरी एवढं असतंच, त्याशिवाय गादी उभीच राहणार नाही. आणि झाडं कुठे लावली हा वेगळा प्रश्न. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे गेलात तर बघा, मिश्र जंगल होतं तिथे रबराच्या सरळ रांगा आहेत, लांबून हिरवंगार, पण जंगल नाही ते. माझ्या गादीचा चीक कुठल्या बागेतला हे विचारलं तर उत्तर आलं, 'मॅम, साऊथ इंडिया.'

सर्टिफिकेटचा तर वेगळाच गोंधळ. बाग, कच्चा माल याबद्दल विचारलं की कस्टमर केअरवाले ओएको-टेक्सचा पीडीएफ पाठवतात. ते सर्टिफिकेट वाईट नाही, पण ते तयार मालात घातक रसायनं किती हे तपासतं, म्हणजे माझ्या त्वचेचं बघतं, बागेचं नाही. बागेपासून कारखान्यापर्यंत बघणारं आहे गोल्स (GOLS, सेंद्रिय लेटेक्सचं सर्टिफिकेट), त्यात किमान ९५ टक्के कच्चा माल सर्टिफाइड ऑरगॅनिक लागतो. आणि फोमवर सर्टिपूर असतं, तेही ठराविक रसायनं नाहीत एवढंच सांगतं, फोम पेट्रोलियमचाच राहतो. तिन्ही लोगो हिरवे-निळे, शेजारी शेजारी छापले की आपल्याला वाटतं सगळं एकच.

एक गंमत सांगते, कारण हे कुठल्याच रिव्ह्यूत वाचलं नव्हतं. दिवाळीआधी सासूबाईंनी फर्मान काढलं, गाद्यांना ऊन दाखवा. कापसाच्या गादीला ऊन म्हणजे औषध, पण लेटेक्सला ऊन चालत नाही, रबर कडक होऊन भुगा व्हायला लागतो. आमच्या गादीचा एक कोपरा कव्हरची चेन नीट बसत नव्हती म्हणून उघडा राहायचा, त्यावर खिडकीतलं सकाळचं ऊन यायचं. मी चेन उघडून बघितलं तर बाकी गादी सायीच्या रंगाची, बारीक भोकांची, मऊसूत, आणि तेवढाच कोपरा पिवळट, नखाने खरवडला तर पिठासारखी कणी हातात. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "ऊन न सोसणारी गादी ती कसली गं?" काय बोलणार. पावसाळ्यात फळ्यांमध्ये फटी असलेला बेड ठेवला म्हणून बुरशी आली नाही, अखंड प्लायवर टाकली असती तर खालून दमटपणा धरला असता.

आता जुन्या गाद्यांचं. घरात एक कापसाची होती आणि एक जुनी फोमची. कापसाची गादीवाल्याने नेली, कापूस पिंजला, थोडा नवा घातला, नवीन खोळ शिवून आठवड्यात परत, आता पाहुण्यांना तीच देतो. फोमची कोणालाच नको. भंगारवाल्याचं गणित सरळ होतं, "ताई, हातगाडी भरते पण वजन काहीच येत नाही." कचऱ्याच्या गाडीने नाही म्हटलं, सोसायटीच्या जिन्याखाली पडून राहिली, शेवटी एका टेम्पोवाल्याला उलटे पैसे देऊन पाठवली, आणि ती कुठे गेली हे मला पक्कं माहितीये, डम्पिंगला.

फोमचं रिसायकलिंग होतच नाही असं नाही. दुकानात 'ऑर्थोपेडिक' म्हणून जी घट्ट, रंगीबेरंगी तुकड्यांची गादी मिळते ती बहुतेक रिबॉन्डेड, म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून दाबलेली. पण त्यासाठी कारखान्यांना स्वच्छ कटिंग हवं असतं, घाम मुरलेली, कापड चिकटलेली घरातली गादी सोलत बसणं त्यांना परवडत नाही. कॅलिफोर्नियात नवीन गादी घेतानाच ठराविक रक्कम कापतात आणि त्यातून जुन्या गाद्या गोळा होतात, फ्रान्समध्येही जबाबदारी उत्पादकांवर आहे. आपल्याकडे टायरला असा नियम २०२२ पासून आहे, गादीला नाही.

म्हणून माझं मत असं झालंय की लेटेक्स की फोम याच्याआधी दोन गोष्टी विचारा: थर सुटे होतात का, आणि एकच थर बदलून मिळतो का. माझ्या गादीत चार आणि दोन इंचाचे दोन थर आहेत, न चिकटवलेले, कव्हर चेनचं, म्हणजे वरचा दोन इंचाचा बसला तर तेवढाच बदलता आला पाहिजे. कंपनीला विचारलं तर म्हणे सुटा थर विकत नाही, पूर्ण गादी एक्स्चेंजमध्ये घ्या. जुनी नेऊन तुम्ही काय करता म्हटलं, त्यावर मेलला उत्तर नाही. वॉरंटी दहा वर्षांची आहे, पण त्यात ठराविक खोलीचा खड्डाच धरतात, उन्हाने झालेला भुगा धरत नाहीत, बारीक अक्षरात आहे, घ्यायच्या आधी वाचा.

तरी ही ठेवणार, झोप उत्तम आहे आणि निदान आमच्या पाठीला तरी दहा-पंधरा वर्षं पुरावी असं वाटतंय. मुलांची पीयूची बसली की तिथे मात्र फोम नको, गादीवाल्याला कापसाची सांगणार आहे, जाड आणि घट्ट भरलेली. कव्हरची चेन लोकल टेलरकडून बदलून घेतली, छान बसली. उशा लेटेक्सच्या घेऊ नका, फार उंच येतात, मान धरते. त्यापेक्षा सावरीच्या कापसाच्या बऱ्या.