स्प्रिंट रिव्ह्यू: दर पंधरवड्याचे दीड तास वसूल होतात का?

स्प्रिंट म्हणजे सॉफ्टवेअर टीमचा ठरावीक, बहुधा दोन आठवड्यांचा कामाचा टप्पा, आणि त्याच्या शेवटी झालेलं काम ग्राहकाला दाखवायची मीटिंग म्हणजे स्प्रिंट रिव्ह्यू. हा रिव्ह्यू संपताना पाहुणे, म्हणजे ग्राहकाकडची माणसं, "चांगलंय की" म्हणून उठले, तर ती मीटिंग वाया गेली असं खुशाल समजावं. कोल्हापुरात "चांगलंय की" म्हणजे "आता निघतो", आणि "बघूया की" म्हणजे तर सरळ नकार. हे दोन शब्द टिपून घेऊन 'फीडबॅक पॉझिटिव्ह' असं मिनिट्समध्ये लिहिणाऱ्या टीम राजारामपुरीपासून शिरोलीपर्यंत कुठेही सापडतील. म्हणून हे परीक्षण कुठल्या टूलचं नाही, या मीटिंगचंच आहे: फाउंड्री, साखर कारखाना, मार्केट यार्डातले अडते यांच्यासाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या सात-आठ जणांच्या टीमला ती परवडते का, आणि कधी परवडते.

आधी किंमत बघू. टीम सात जणांची, बाहेरून तीन माणसं, मीटिंग दीड तासाची. झाले पंधरा तास. डेटा भरणं, स्टेजिंग सर्व्हर (ग्राहकाकडे जाण्याआधी चालवून बघायचा सर्व्हर) लावणं यात दोघांचे मिळून आणखी तीन तास जातात. एका रिव्ह्यूला अठरा तास धरले, तर दोन आठवड्यांच्या स्प्रिंटने वर्षाला २६ रिव्ह्यू होतात आणि ४६८ तास लागतात. आठ तासांच्या दिवसाने हे एका माणसाचे साडेअठ्ठावन्न दिवस. एवढ्यात एक मध्यम आकाराचं मॉड्यूल उभं राहतं, तेव्हा बदल्यात काय मिळतं हे विचारायलाच हवं.

कागदावर काय आहे तेही पाहू. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांच्या स्क्रम गाइडची, म्हणजे स्प्रिंटने काम करायच्या या पद्धतीच्या मूळ पुस्तिकेची, सध्याची आवृत्ती नोव्हेंबर २०२० ची. तिच्यात एक महिन्याच्या स्प्रिंटला रिव्ह्यूची कमाल मर्यादा चार तास आहे. स्प्रिंट छोटा असेल तर वेळही सहसा कमी लागतो. दोन आठवड्यांना दोन तास हे त्यातून निघालेलं ढोबळ गणित, प्रत्यक्षात दीड तास पुरतो. त्याच गाइडमधली तीन वाक्यं मात्र बहुतेक टीम वाचत नाहीत. रिव्ह्यू हे कामाचं सत्र आहे, त्याचं नुसतं प्रेझेंटेशन करू नका. 'डन'च्या, म्हणजे काम पूर्ण कधी म्हणायचं याच्या, व्याख्येत न बसणारं काम रिव्ह्यूमध्ये दाखवायचं नाही, ते बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, परत जातं. आणि रिव्ह्यू म्हणजे रिलीजचं फाटक नव्हे. तयार झालेलं काम त्याआधीही ग्राहकाकडे जाऊ शकतं.

आता प्रत्यक्ष. फाउंड्रीच्या ईआरपीमधला (कारखान्याचा सगळा कारभार नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) रिजेक्शन एन्ट्रीचा स्क्रीन घ्या, कारण रिव्ह्यूची खरी कमाई तिथे नीट दिसते. स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याच्या गरजेचं एक काम, साधी: फेटलिंगनंतर (ओतलेला माल घासून साफ केल्यावर) बाद झालेली कास्टिंग हीटनुसार, म्हणजे भट्टीच्या कुठल्या वितळणीतली ते धरून, नोंदवता यावीत. स्क्रीनवर चार रकाने: हीट नंबर, आयटम, नग, कारण. डेव्हलपरने स्वतः भरून दाखवलं तर एक एन्ट्री अर्ध्या मिनिटात होते, मालक मान डोलावतात, पुढची स्टोरी सुरू होते.

तोच टॅब्लेट फेटलिंगच्या सुपरवायझरच्या हातात द्या आणि टीमने गप्प बसावं. पहिल्याच रकान्यात बोट थांबतं. त्याच्यासमोरच्या कास्टिंगवर हीट नंबर नसतो, असतो तो तारखेचा कोड, आणि त्या तारखेला भट्टीच्या दहा-बारा हीट झालेल्या असतात. रकाना सक्तीचा असेल तर तो यादीतली पहिली हीट निवडून पुढे जातो, कारण त्याला काम संपवायचंय. महिन्याने रिपोर्ट काढला की रोजची पहिलीच हीट खराब दिसते आणि मेल्टिंगवाल्यांना विनाकारण बोलणी बसतात. कारणांची यादी अक्षरवार लावलेली असते. रोज लागणारी कारणं तीन-चारच, ब्लो होल, सँड इन्क्लूजन, मोल्ड शिफ्ट, कोल्ड शट, पण त्यांच्यासाठी दर वेळी यादी वरखाली करावी लागते, तीही हातमोजा काढून. पुढे नगांचा घोळ. फेटलिंगमध्ये मोजणी नगांची, मेल्टिंगचा हिशेब किलोचा, त्यात रनर-रायझरचं, म्हणजे कास्टिंगला जोडून आलेल्या जादा धातूचं, वजन धरायचं की नाही हे कुणीच ठरवलेलं नसतं. आणि सगळ्यात महागाचा प्रश्न शेवटी येतो: "मशीन शॉपमधनं तीन आठवड्यांनी माल परत आला तर कुठं लिहायचं?" तोवर मागचा महिना लॉक झालेला असतो.

यातला एकही मुद्दा रिक्वायरमेंटच्या कागदात येत नाही. मालकाला ते माहीत नसतात आणि सुपरवायझरला तिथे कुणी विचारलेलं नसतं. वीस मिनिटांत बॅकलॉग बदलतो. हीटच्या जागी तारखेचा कोड आणि आयटम टाकून शक्य असलेल्या हीट दाखवायच्या, 'माहीत नाही' हा पर्याय द्यायचा, नेहमीची चार कारणं मोठ्या बटणांवर आणायची, परत आलेल्या मालाचं वेगळं व्हाउचर आजच्या तारखेने करून मूळ महिन्याशी जोडायचं. आणि पुढच्या स्प्रिंटला ठरवलेला हीटनिहाय रिपोर्ट मागे ढकलायचा, कारण कास्टिंगवर हीटची खूण नसेल तर त्या रिपोर्टला अर्थच नाही. अठरा तासांचे पैसे इथे वसूल झाले.

उलट, जिथे वसूल होत नाहीत तिथली कारणं फार ठरावीक असतात. प्रॉडक्ट ओनर, म्हणजे कुठलं काम आधी करायचं ते ठरवणारा माणूस, काम पहिल्यांदा रिव्ह्यूमध्येच बघतो, हे सगळ्यात जास्त आढळतं. मग पाहुण्यांसमोर "हे असं नव्हतं सांगितलं" सुरू होतं आणि मीटिंगची तपासणी होऊन बसते. प्रॉडक्ट ओनरने प्रत्येक स्टोरी ती पूर्ण होईल त्या दिवशीच बघून ठेवायची असते. रिव्ह्यूत त्याने टीमच्या बाजूने बसायचं.

दुसरी खोड म्हणजे '९० टक्के झालंय' वाल्या स्टोरी. अर्धवट स्क्रीन दाखवला की पाहुणा तो झालाच असं धरून पुढच्या सोमवारी मागतो. उरलेल्या दहा टक्क्यांत परवानग्या, चुकीच्या इनपुटची हाताळणी आणि प्रिंट असतं, म्हणजे खरं काम तेच. आणि वेग दाखवणारा तक्ता मालकासमोर लावू नये. ३४ पॉइंट (कामाच्या आकाराचं अंदाजी माप) का, मागच्या वेळी ४० होते, यावर अर्धा तास जातो, पुढच्या वेळेपासून टीम अंदाज फुगवून सांगते, आणि तो आकडा कायमचा निकामी होतो.

खुर्च्यांचाही प्रश्न आहे. मालक समोर बसले की ऑपरेटर बोलत नाही, हे इथल्या कुठल्याही एमआयडीसीत खरं. उपाय सोपा: पहिली चाळीस मिनिटं वापरणाऱ्यांची, प्रत्यक्ष हाताळायला, मालकांना त्यानंतर बोलवायचं, प्राधान्य आणि तारखा ठरवायला. मालकांना वाईट वाटत नाही, त्यांचाही वेळ वाचतो.

नव्वद मिनिटांची वाटणी अंदाजे अशी ठेवावी. पाच मिनिटांत स्प्रिंटचं उद्दिष्ट सांगायचं आणि काय राहिलं तेही, कारणांची लांबण न लावता. मग चाळीस मिनिटं पाहुण्यांच्या हातात स्क्रीन. त्यांना "हे बटण दाबा" म्हणायचं नाही, काम द्यायचं: "काल दुसऱ्या पाळीत सात नग बाद झाले, ते चढवा." एकाने फक्त बघत राहायचं, बोट कुठे थांबलं ते लिहायचं. नंतर तीस मिनिटं बॅकलॉग सगळ्यांसमोर उघडून: नवं काय आलं, काय वर गेलं, काय काढून टाकलं. उरलेला वेळ तारखा आणि अडचणींना. "नंतर बॅकलॉगमध्ये टाकतो" हे वाक्य आलं की ती सूचना मेली असं धरा. तिथल्या तिथे एका ओळीत लिहावी, कुणी सांगितली आणि काय करताना अडलं यासकट.

तयारीत दोन गोष्टी चुकतात. पहिली, डेमो डेव्हलपरच्या लॅपटॉपवरून होतो, आणि तिथे चालणारं सर्व्हरवर चालेलच असं नसतं. आदल्या संध्याकाळी कोड गोठवून स्टेजिंगवर चढवा, सकाळी कुणीही त्याला हात लावू नये. दुसरी, डेटा. पार्टीचं नाव 'टेस्ट १२३' आणि दर एक रुपया असेल तर बघणाऱ्याचं डोकं चालत नाही. त्यांच्याच आयटमची नावं, खऱ्यासारखे दर, पाचशे-हजार नोंदी टाका. पार्टीची नावं आणि मोबाइल नंबर मात्र बदलून. हजार नोंदींवर हळू चालणारी यादी दहा नोंदींवर कधीच पकडली जात नाही.

पाहुणे येत नाहीत ही तक्रार टीम नेहमी करतात, पण वेळ टीमनेच आपल्या सोयीने शुक्रवारी दुपारी चारची ठरवलेली असते. साखर कारखान्याच्या माणसाला गळीत हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, ऑफिसला बोलावणं व्यर्थ आहे. त्या काळात रिव्ह्यू वजनकाट्यावरच न्यावा, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, वीस-वीस मिनिटांचा. तिथे नेटवर्क गेलं की पावतीचं काय होतं हेही आपोआप कळतं. उसाचं बिल १४ दिवसांत द्यायचा कायदा आहे, त्यामुळे काट्यावरची चूक पंधरवड्यात शेतकऱ्याच्या हिशेबापर्यंत पोचते; पुढच्या रिव्ह्यूपर्यंत थांबायला उसंत नसते. गुळाच्या अडत्यांचं गणित निराळं. सौदे चालू असताना ते कुणालाही उभं करणार नाहीत. सौदे आटोपल्यावर पेढीवर जावं, आणि हिशेबपट्टीत हमाली, तोलाई अशा रकमा कुठल्या क्रमाने वजा होतात ते त्यांच्याच वहीशेजारी स्क्रीन ठेवून बघावं. ग्राहक अमेरिकेत असेल तर वेगळीच पंचाईत: कोल्हापूरचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळचे नऊ, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की आठ. त्या आठवड्यात निमंत्रणाची वेळ पुन्हा तपासली नाही, तर टीम रिकाम्या कॉलवर बसून राहते.

रिव्ह्यूकडून काय मागू नये हेही सांगायला हवं. जीएसटीचं राउंडिंग, ई-इन्व्हॉइस, राज्याबाहेर जाणारा माल ५० हजारांवर गेला की लागणारं ई-वे बिल, या गोष्टी दहा जणांनी पडद्याकडे बघून सिद्ध होत नाहीत. त्याला ऑटोमेटेड टेस्टच लागतात. "रिव्ह्यूत कुणी काही बोललं नाही" हा टेस्टिंगचा पुरावा म्हणून दाखवणारी टीम पुढे महिनाअखेरीला रात्रभर जागते.

परिणाम मोजायचा तर फॉर्म भरून घेऊन समाधान मोजू नये, "चांगलंय की" तिथेही येतं. सलग सहा रिव्ह्यूंचे चार आकडे पुरेत: बॅकलॉगमध्ये किती ओळी बदलल्या किंवा निघाल्या, आलेल्यांपैकी रोज सॉफ्टवेअर वापरणारे किती, सूचना आल्यापासून तिच्यावर निर्णय व्हायला किती दिवस गेले, आणि रिलीजनंतर आलेल्या तक्रारींपैकी किती अशा होत्या, ज्या वापरणाऱ्याच्या हातात दहा मिनिटं स्क्रीन दिला असता तर दिसल्या असत्या. हा चौथा आकडा काढायला जड जातो, पण बाकीचे तीन त्याच्यापुढे फिके आहेत. पहिला आकडा सलग तीन वेळा शून्य आला तर दोनच शक्यता: टीमला सगळं आधीच कळतं, किंवा बोलणारं माणूस खोलीत नाही. पहिली शक्यता फारशी धरू नका.

गुण द्यायचे तर नीट चालवलेल्या रिव्ह्यूला पाचपैकी चार. एक यासाठी कापला की तो पूर्णपणे पाहुण्यांच्या हजेरीवर अवलंबून आहे आणि ती टीमच्या हातात नसते. स्लाइड लावून उरकलेल्याला एक, तोही चहासाठी.

देखभालीचं काम करणाऱ्या, रोज दोन-चार दुरुस्त्या थेट चढवणाऱ्या टीमने दर पंधरवड्याचा हा खर्च करू नये. त्यांनी महिन्यातून एकदा तासभर बसून कुठला स्क्रीन कुणी उघडलाच नाही त्याची यादी लॉगमधून काढावी आणि ती घेऊन ग्राहकाच्या शॉप फ्लोअरवर जावं.